भवानीप्रसाद मिश्र : वर्ध्याची बोली आणि आकाशवाणी

भवानीप्रसाद मिश्र हे मराठीच्या अभ्यासकाला ठाऊक असतात ते बहुधा अज्ञेयसंपादित ‘दूसरा सप्तक’ (१९५१) मधील कवी म्हणून. त्यांच्या वर्ध्यातील वास्तव्याची चरित्रकोशांत एका वाक्यात बोळवण होते. ही उपेक्षा योग्य नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मिश्र यांचा जन्म २९ मार्च १९१३ चा, होशंगाबाद जिल्ह्यातील टिगरिया गावचा. होशंगाबाद आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत एकाच द्वैभाषिक प्रांतात होते, त्या प्रांताची राजधानी नागपूर होती, हे आज सहसा लक्षात राहत नाही. जबलपूरला पदवी घेतल्यावर त्यांनी बैतुलला गांधीविचारानुसार शाळा चालविली. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक झाली. १९४५ मध्ये सुटका होताच ते वर्ध्याच्या महिलाश्रमात शिक्षक म्हणून आले आणि चार-पाच वर्षे तेथे राहिले.

ही वर्षे भाषावादाची होती. राष्ट्रभाषा प्रचार समिती वर्ध्यात १९३६ पासून काम करीत होती. १९४२ मध्ये तेथेच हिंदुस्तानी प्रचार सभा निघाली. आणि १९४५ मध्ये गांधीजी याच प्रश्नावरून हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. संस्कृतप्रचुर हिंदी की सर्वांना उमगणारी हिंदुस्तानी, हा वाद वर्ध्यात रोजच्या व्यवहाराचा होता. बोलावे तसेच लिहावे हा मिश्र यांचा आग्रह वर्ध्यापूर्वीचा आहे, हे मान्य केले पाहिजे. सातपुड्यावरील त्यांची प्रसिद्ध कविता त्याची साक्ष देते. परंतु हिंदी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा माणसांत राहून ही भाषा वापरण्याचा अनुभव त्यांना मिळाला तो मराठी मुलखात.

पुढे हैदराबादचे ‘कल्पना’ मासिक, मद्रासला चित्रपटांचे संवादलेखन, आणि मग आकाशवाणीच्या मुंबई व दिल्ली केंद्रांवर निर्मात्याचे काम. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मंत्री असताना (१९५२–६२) अनेक साहित्यिक व कलावंत आकाशवाणीत आले. मात्र त्याच काळात आकाशवाणीच्या बातम्यांतील हिंदी जड व संस्कृतप्रचुर असल्याची टीका होत होती. अशा संस्थेत बोलभाषेचा हा कवी काम करीत होता. श्रोत्याला पान उलटून मागे जाता येत नाही. तेथे त्यांची साधी वाक्यरचना आणि पुनरुक्ती दोष न ठरता गुण ठरते. आपल्याकडे मर्ढेकर १९३८ पासून नभोवाणीच्याच सेवेत होते. पण त्यांच्या कवितेतील शब्दांची मोडतोड डोळ्यांपुढे छापील पान असल्याखेरीज पुरती उलगडत नाही. दोघांची तुलना कोणी विस्ताराने करावयास हवी.

पगारी लेखनाचा सल त्यांना होताच. ‘गीतफ़रोश’ ही गाणी विकणाऱ्याची उपरोधिक कविता आकाशवाणीपूर्वीची आहे, तिचेच नाव त्यांच्या पहिल्या संग्रहाला (१९५६) मिळाले. कवीचे वय तेव्हा त्रेचाळीस होते.

गांधी-शताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ‘गांधी पंचशती’ प्रसिद्ध झाली. ‘बुनी हुई रस्सी’ला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणीबाणीत (१९७५–७७) त्यांनी दिवसातून तीन वेळा कविता लिहिण्याचा नेम धरला. त्या निषेधाच्या कविता ‘त्रिकाल संध्या’त आहेत. एकेकाळी शासकीय प्रसारणात असलेल्या या कवीची ती कविता त्या प्रसारणावरून ऐकू येणे शक्यच नव्हते. २० फेब्रुवारी १९८५ रोजी नरसिंहपूर येथे त्यांचे निधन झाले.