प्रेमदिनामागची पुण्यतिथी

गुलाबाची फुले, भेटकार्डे आणि चॉकलेट यांची देवाणघेवाण करीत प्रेमिक १४ फेब्रुवारीला ‘व्हॅलेंटाइन डे’ साजरा करतात. वास्तविक परंपरेनुसार ही तारीख एका धर्मगुरूच्या शिरच्छेदाची, म्हणजेच पुण्यतिथीची आहे. ज्याच्या नावाने हा दिवस ओळखला जातो, तो संत व्हॅलेंटाइन होता तरी कोण?

काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. रोमच्या गादीवर सम्राट क्लॉडियस दुसरा (कारकीर्द २६८ ते २७०) होता आणि ख्रिस्ती धर्माला राजमान्यता नव्हती. आख्यायिकेनुसार, रोममधील धर्मगुरू व्हॅलेंटाइन याला पकडून सम्राटापुढे उभे करण्यात आले. त्याच्या निर्भय बोलण्याने सम्राटही क्षणभर विचारात पडला. मात्र अधिकाऱ्यांनी आक्षेप घेताच त्याला अ‍ॅस्टेरियस नावाच्या न्यायाधीशाच्या हवाली करण्यात आले. अ‍ॅस्टेरियसची मुलगी अंध होती. व्हॅलेंटाइनच्या प्रार्थनेने तिला दृष्टी लाभली आणि न्यायाधीशाच्या साऱ्या घराने बाप्तिस्मा घेतला. हे कळताच सम्राट संतापला. व्हॅलेंटाइनला दंडुक्यांनी मारहाण करून रोमबाहेर जाणाऱ्या फ्लॅमिनियन मार्गावर त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

याच नावाची दुसरी कथा रोमच्या उत्तरेकडील तेर्नी गावच्या बिशपची आहे. एका विद्वानाच्या व्याधिग्रस्त मुलाला बरे करण्यासाठी तो रोमला आला, मुलगा बरा झाला. पण बिशपचे मस्तक उडविण्यात आले. शिष्यांनी त्याचा देह तेर्नीला नेला. दोन्ही कथांत १४ फेब्रुवारी ही तारीख आणि फ्लॅमिनियन मार्ग समान आहेत. त्यामुळे हे दोघे एकच असावेत, असे काही अभ्यासकांना वाटते.

विशेष म्हणजे, या दोन्ही कथांत कोठेही प्रेमिकांचा उल्लेख नाही. सैनिकांच्या विवाहावर सम्राटाने बंदी घातली आणि व्हॅलेंटाइनने गुपचूप लग्ने लावली, हा लोकप्रिय प्रसंग कित्येक शतकांनी जोडला गेला. क्लॉडियसने अशी बंदी घातल्याचा पुरावा सापडत नाही. तुरुंगाधिकाऱ्याच्या मुलीला त्याने मृत्यूपूर्वी लिहिलेली चिठ्ठी हीदेखील अशीच उत्तरकालीन भर.

मग प्रेमाशी त्याची गाठ पडली कशी? याचे उत्तर चौदाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मिळते. कवी जेफ्री चॉसर याने १३८० च्या सुमारास रचलेल्या काव्यात, या संताच्या दिवशी पक्षी आपापला जोडीदार निवडतात, अशी कल्पना मांडली. दरबारी मंडळींनी ती उचलून धरली. १४७७ मध्ये मार्जरी ब्रूज या तरुणीने आपल्या वाग्दत्त वराला आपला ‘व्हॅलेंटाइन’ संबोधून लिहिलेले पत्र आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहे. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत टपाल जाऊ लागले आणि प्रेमपत्रांची ही प्रथा सामान्यांच्या घरात पोहोचली.

चर्चने मात्र सावध पवित्रा घेतला. खात्रीशीर माहिती अत्यल्प असल्याने १९६९ मध्ये कॅथलिक चर्चच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून त्याचा सण वगळण्यात आला. हुतात्म्यांच्या नामावलीत मात्र त्याचे नाव कायम राहिले.

चमत्कार आणि प्रेमकथा बाजूला सारल्या, तर हाती उरते ते एक नाव, फ्लॅमिनियन मार्गावरचे एक थडगे आणि एक तारीख. चौथ्या शतकात पोप ज्यूलियस पहिला याने त्या थडग्यापाशी चर्च उभारले, यावरून श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या या माणसाची आठवण रोमकरांनी किती लवकर जपली, हे दिसते. तेर्नीत त्याच्या नावाचे भव्य चर्च आहे. दर फेब्रुवारीत विवाह ठरलेली जोडपी तेथे जमतात आणि त्याच्या समाधीपाशी एकमेकांना वचन देतात.