गुरूपासून वेगळी वाट

इसवी सनापूर्वी ३६७ च्या सुमारास सतरा वर्षांचा एक मुलगा ग्रीसमधील अथेन्स नगरात विद्येसाठी आला. त्याचे नाव ॲरिस्टॉटल. तो उत्तरेकडील स्टॅजिरा या लहानशा गावचा. त्याचे वडील मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य होते. परंतु मुलाच्या बालपणीच ते वारले होते.

अथेन्सच्या वेशीबाहेर प्लेटोची अकादमी होती. तेथे ॲरिस्टॉटल तब्बल वीस वर्षे राहिला; प्रथम शिष्य म्हणून आणि मग शिक्षक म्हणून. डोळ्यांना दिसणारे जग अपूर्ण व सदैव बदलणारे आहे, अशी प्लेटोची शिकवण होती. हाताने काढलेले वर्तुळ कितीही रेखीव असले, तरी ते थोडे चुकतेच. अचूक वर्तुळ केवळ बुद्धीलाच दिसते. तसेच प्रत्येक वस्तूचे खरे रूप या जगापलीकडे असते, असे तो सांगे.

ॲरिस्टॉटलला हे पटेना. घोड्याचे खरे रूप घोड्यांपासून निराळे असेल, तर शिंगरू कसे जन्मते, कसे वाढते, हे त्यावरून कसे कळावे? वस्तूचे रूप त्या वस्तूतच असले पाहिजे, असे त्याचे मत बनत गेले. ज्याने आपल्याला विचार करावयास शिकविले, त्याचाच सिद्धांत खोडून काढणे सोपे नव्हते. पुढे नीतिशास्त्रावरील ग्रंथात त्याने ते केले; पण स्नेह्यांच्या मताविरुद्ध लिहिणे आपल्याला जड जात आहे, हेही त्याने तेथे लपविले नाही.

इसवी सनापूर्वी ३४७ मध्ये प्लेटो निवर्तला. अकादमीचे प्रमुखपद त्याच्या भाच्याकडे गेले आणि ॲरिस्टॉटलने अथेन्स सोडले. आशिया मायनरच्या किनाऱ्यावर काही काळ राहून तो लेस्बॉस बेटावर गेला. तेथील खाडीत त्याला जणू नवी पाठशाळाच सापडली! मासे, शिंपले, माकूळ यांचे त्याने बारकाईने निरीक्षण केले. कोळी व मधपाळ यांच्याकडून माहिती मिळविण्यात या तत्त्वज्ञाला कमीपणा वाटला नाही. उबवणीची अंडी निरनिराळ्या दिवशी फोडून पिलाची वाढ कशी होते, हे त्याने नोंदविले. तीन दिवसांनंतरच्या अंड्यात रक्ताच्या ठिपक्याएवढे हृदय धडधडताना दिसते. डॉल्फिन हवेत श्वास घेतो व पिलांना दूध पाजतो, हेही त्याने लिहून ठेवले. मधमाश्यांची उत्पत्ती सांगताना मात्र, माहिती अजून अपुरी आहे, आणि ती मिळाल्यावर तर्कापेक्षा निरीक्षणावर अधिक भिस्त ठेवावी, असे त्याने बजावले.

त्याच्या हातून चुकाही झाल्या. माणूस हृदयाने विचार करतो आणि मेंदू केवळ शरीराची उष्णता कमी करतो, असे तो मानी.

पुढे मॅसिडोनियाच्या राजाने आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला शिकविण्यासाठी त्याला बोलाविले. तोच पुढे जगज्जेता झालेला अलेक्झांडर. इसवी सनापूर्वी ३३५ मध्ये ॲरिस्टॉटल अथेन्सला परतला व त्याने लायसियम ही आपली पाठशाळा काढली. तर्कशास्त्रापासून राज्यशास्त्रापर्यंत अनेक विषय तेथे शिकविले जात.

इसवी सनापूर्वी ३२३ मध्ये अलेक्झांडर मरण पावला आणि अथेन्समध्ये मॅसिडोनियाविरुद्ध असंतोष उसळला. ॲरिस्टॉटलवर देवनिंदेचा आरोप आला. तो कॅल्सिस येथे निघून गेला व दुसऱ्याच वर्षी वारला.

एका जातीच्या मुशीची पिले आईच्या पोटात नाळेने जोडलेली असतात, असे त्याने लिहिले होते. पुढील विद्वानांना ते खरे वाटेना. अखेर १८४२ साली योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने मुशी तपासून ती नाळ दाखवून दिली.