रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम

रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम (३१ जुलै १८५८ – १५ जुलै १९३६) हे ब्रिटिश भूवैज्ञानिक व भूकंपशास्त्रज्ञ होते. भूकंपाच्या नोंदींत तीन प्रकारचे तरंग वेगळे ओळखणे आणि पृथ्वीला गाभा असल्याचा भूकंपीय पुरावा मांडणे ही त्यांची प्रमुख कामे होत. भूभौतिकीच्या प्राथमिक अभ्यासक्रमात या दोन्हींचा समावेश असतो.

सुरुवातीचा काळ

त्यांचे वडील थॉमस ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख होते. रिचर्ड यांचे शिक्षण रग्बी स्कूल व लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्स येथे झाले. वडिलांच्या निधनानंतरच्या वर्षी, १८७९ मध्ये, ते याच सर्वेक्षणात रुजू झाले. वडिलांनी अपुरी ठेवलेली भारतातील भूकंपांची सूची संपादित करून त्यांनी ती १८८३ मध्ये प्रसिद्ध केली. १८९३ साली त्यांनी भारताच्या भूविज्ञानावरील प्रमाण ग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध केली.

१८९७ चा भूकंप

१२ जून १८९७ रोजी आसामात झालेल्या महाभूकंपाने शिलाँग शहर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे १,५०० लोक मृत्युमुखी पडले. या भूकंपाच्या तपासाचे काम ओल्डहॅम यांच्याकडे आले. पडलेल्या इमारती, उलथलेले स्तंभ, जमिनीतून उसळून बाहेर पडलेले दगड आणि चेडरांग प्रस्तरभंगालगत झालेले भूपृष्ठाचे विस्थापन यांची त्यांनी पाहणी केली. दगड उसळले त्या अर्थी तेथील धक्क्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाहून अधिक असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांचा सविस्तर अहवाल १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच भूकंपाच्या नोंदी दूर इटलीतील उपकरणांवरही झाल्या होत्या. त्यांच्या आधारे सर्वांत आधी पोहोचणारे प्राथमिक तरंग, त्यामागून येणारे दुय्यम तरंग आणि भूपृष्ठालगत प्रवास करणारे पृष्ठतरंग हे परस्परांहून भिन्न आहेत, हे त्यांनी स्पष्ट केले. पहिले दोन तरंग पृथ्वीच्या अंतर्भागातून जात असल्याने तो भाग अभ्यासण्याचे साधनच त्यामुळे हाती आले.

पृथ्वीचा गाभा

प्रकृतीच्या कारणास्तव १९०३ मध्ये सेवानिवृत्त होऊन ओल्डहॅम इंग्लंडला परतले. तेथे त्यांनी निरनिराळ्या भूकंपांच्या दूरस्थ नोंदी एकत्र केल्या. पृथ्वीच्या विरुद्ध बाजूच्या केंद्रांवर प्राथमिक तरंग अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचत होते. तरंगांची गती मंदावणारा वेगळ्या द्रव्याचा गाभा पृथ्वीच्या मध्याशी असावा, असे त्यांनी १९०६ मध्ये प्रतिपादन केले. या गाभ्याची त्रिज्या त्यांनी पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ०.४ पट मानली होती. हा अंदाज कमी ठरला; बेनो गुटेनबर्ग यांनी पुढे गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर असल्याचे दाखवले. हा गाभा द्रवरूप असल्याचे हॅरोल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये सिद्ध केले, तर त्याच्या आतील आंतरगाभ्याचा शोध इंगे लेहमान यांनी ओल्डहॅम यांच्या मृत्यूच्याच वर्षी, १९३६ मध्ये, जाहीर केला.

सन्मान

ओल्डहॅम यांना १९०८ मध्ये लायल पदक मिळाले आणि १९११ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९२० ते १९२२ या काळात ते लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे अध्यक्ष होते. शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखाली असल्याचे २००१ मध्ये मांडण्यात आलेल्या प्रस्तरभंगास त्यांचे नाव देण्यात आले आहे.