कावळा, फांदी आणि हाफकिन

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा शहरातल्या ज्यू कुटुंबात झाला. शिक्षण प्राणिशास्त्राचे, वैद्यकीय पदवी नव्हती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा सरकारने त्यांना बोलावले. काही महिन्यांतच त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा पुन्हा स्वतः घेतली.

लस घेतलेला माणूस वाचला म्हणजे तो लशीमुळेच वाचला, असे मात्र त्यांनी मानले नाही. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या जवळजवळ निम्म्या कैद्यांना त्यांनी लस दिली. उरलेले कैदीही त्याच भिंतींच्या आत होते. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ दगावले. लस घेतलेल्यांत २ जण आजारी पडले. मृत्यू एकाचाही नाही. आता तुलनेला आधार होता.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मल्कोवाल गावी १०७ जणांना ही लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. मुंबईच्या प्रयोगशाळेत लस निर्जंतुक करण्याची पद्धत त्याआधी बदलली होती. कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णता वापरली जात होती. पद्धत बदलली, नंतर माणसे मेली, म्हणून दोष पद्धतीचा, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने काढला. हाफकिन निलंबित झाले. ते डॉक्टर नाहीत आणि परके आहेत, हेही त्यांच्या विरोधात गेले. लस शुद्ध होती की नाही, याच्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

संशय येणे रास्तच होते. चूक झाली ती संशयालाच पुरावा मानण्यात. मेलेले सर्व १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. इतर बाटल्यांतली लस घेतलेल्या ८८ जणांना काही झाले नाही. जंतू मुंबईतच शिरले असते, तर इतक्या दिवसांनी उघडलेल्या बाटलीला दुर्गंधी यायला हवी होती. ती कुणाला जाणवली नव्हती. उलट, ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात.

रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले आणि भारतात परतले, पण पूर्वीचे स्थान त्यांना मिळाले नाही. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. परळच्या प्रयोगशाळेला मात्र १९२५ पासून त्यांचेच नाव आहे.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपल्याला म्हणीतून ठाऊक असते. घरातल्या आजारपणात ते विसरायला होते. काढा घेतला आणि सर्दी गेली, लस घेतली आणि गुडघा दुखू लागला, असे ऐकले की दोन गोष्टी विचाराव्यात. काढा न घेतलेल्यांची सर्दी किती दिवसांत गेली? आणि त्याच दिवशी लस घेतलेल्या बाकीच्यांचे गुडघे कसे आहेत?