वसईचा दुभाष्या

पाचूबंदरला कधी गेला आहात? वसई स्टेशनवरून रिक्षा पकडायची, किल्ल्याच्या दिशेनं निघायचं, की खाडीच्या तोंडाशी कोळ्यांच्या बोटी आणि काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील दिसू लागतात. (वास त्याआधीच येतो, हे सांगायला नको.) इथली बरीच घरं ख्रिस्ती कोळ्यांची. बोट समुद्रात आहे, वारा फिरलाय आणि फोन लागत नाही, अशी रात्र कशी जाते हे या घरांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. भीती घरातल्या माणसासारखीच वावरत असते. ती असतानाच जाळी दुरुस्त होतात, कालवण शिजतं आणि पोरं सकाळी परीक्षेला जातात.

याच किनाऱ्यावरच्या वसईत १५५६-५७ च्या सुमारास जन्मलेल्या एका मुलाचं नाव तुमच्यापैकी काहींच्या मार्कशीटवर छापलेलं असेल : गोन्सालो गार्सिया. वसईतलं कॉलेज त्याच्या नावाचं, गासचं चर्चही त्याच्याच नावाचं. पण तो कोण होता असं विचारलं, तर ‘संत होते’ यापलीकडे गाडी जात नाही. संत म्हटलं की आपण माणसाला उंच कोनाड्यात ठेवतो, आणि मग त्याला कधी घाम फुटला असेल असं आपल्या डोक्यातच येत नाही.

वडील पोर्तुगीज, आई इथलीच, असं नोंदी सांगतात. वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ मध्ये. म्हणजे गोन्सालो लहान असताना किल्ल्यात त्यांचा अंमल चांगलाच मुरलेला होता. इथं एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. त्या राजवटीत आपला देव, आपले सण टिकतील का, या भीतीत इथली कित्येक घरं जगत होती. भीती कुण्या एका धर्माच्या वाट्याला आलेली नाही.

किल्ल्यातल्या जेझुइट पाद्र्यांकडे तो शिकला आणि साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी, म्हणजे तुम्ही अकरावीचं ॲडमिशन घेता त्या वयात, त्यांच्याबरोबर जपानला निघाला. शिडाच्या जहाजातून, महिनोन् महिन्यांचा प्रवास. तिथं तो जपानी शिकला, आणि इतकी छान शिकला की लोक त्याच्याशी मोकळेपणानं बोलू लागले. सुमारे आठ वर्षं त्यानं धर्मशिक्षक म्हणून काम केलं. मनात एकच होतं : जेझुइट संघात दाखल व्हायचं. संघानं काही त्याला घेतलं नाही. भारतीय आणि मिश्र रक्ताच्या मुलांना आत घेताना त्या काळी हात आखडताच असायचा.

आठ वर्षं राबून दार बंद! मला तर त्याच्या आयुष्यातली ही जागा सुळाइतकीच महत्त्वाची वाटते. कारण सूळ आपल्यापैकी कुणाच्या वाट्याला येणार नाही, पण ‘आपण कमी पडलो’ ही धास्ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या यादीत नाव नसतं तेव्हाची. गोन्सालो तिथून निघाला आणि चक्क व्यापारी झाला. भाषा येत होती, माणसं जोडलेली होती, धंदा जोरात चालला. पैसा आला तरी मन लागेना. शेवटी मनिलात १५८८ च्या सुमारास तो फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. धर्मगुरू नव्हे, साधा ब्रदर. तो शेवटपर्यंत ब्रदरच राहिला.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरनं जपानला वकिलात पाठवली. प्रमुख होते फादर पेद्रो बाप्तिस्ता, आणि दुभाष्या आपला वसईकर. समोर तोयोतोमी हिदेयोशी, तेव्हाचा जपानचा सर्वेसर्वा. फिलिपिन्सनं आपलं स्वामित्व मान्य करावं ही त्याची मागणी. दुभाष्याचं काम किती नाजूक असतं पाहा. एक शब्द जास्त कडक झाला तर मान जाते, जास्त मऊ झाला तर आपल्याच माणसांचा घात होतो. ही मंडळी नुसती जिवंतच परतली नाहीत, तर त्यांना क्योतोत राहायची परवानगी मिळाली. तिथं त्यांनी चर्च बांधलं आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला. खरं तर धर्मप्रचारकांनी देश सोडावा असा हिदेयोशीचा हुकूम १५८७ पासूनच होता. डोक्यावर टांगती तलवार होतीच, खाली जखमा धुणं चालू होतं.

ती तलवार पडली १५९६ मध्ये. ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ नावाचं स्पॅनिश जहाज वादळानं जपानच्या तोसा किनाऱ्याला लागलं. आतला माल जप्त झाला. आमचे धर्मप्रचारक आधी जातात आणि सैन्य मागून येतं, अशी बढाई जहाजाच्या सुकाणूवाल्यानं मारली, असं सांगतात. हिदेयोशी बिथरला. त्याची भीती अगदीच पोकळ नव्हती. मेक्सिको आणि मनिला स्पेननं कसे घेतले हे जगजाहीर होतं. पण सत्ताधारी घाबरतो तेव्हा किंमत बहुधा दवाखान्यात जखमा धुणारे मोजतात.

डिसेंबरात धरपकड झाली. यादीत मथियास नावाचा एक जण होता, तो नेमका घरी नव्हता. शिपाई नाव पुकारत राहिले, तेव्हा शेजारचा दुसराच मथियास पुढे झाला आणि मीही त्यांच्यातलाच म्हणून उभा राहिला. शिपायांना काय, आकडा भरल्याशी मतलब.

३ जानेवारी १५९७ ला क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापायचा होता, एका अधिकाऱ्यानं तो सौम्य केला. मग जवळपास महिनाभर, ऐन थंडीत, सुमारे ८०० किलोमीटर नागासाकीपर्यंत धिंड. मारायचंच होतं तर क्योतोतही मारता आलं असतं. पण रस्त्यातल्या गावागावांनी हे बघावं आणि हाय खावी, हा हेतू होता. झालं भलतंच. वाटेत या चोवीस जणांची सेवा करत मागोमाग चालणारे दोघं हटेनात, म्हणून त्यांनाही बांधलं. सव्वीस झाले.

त्यांना भीती वाटली नसेल? चित्रांत सगळे शांत, हसरे, वर बघणारे दिसतात. मला ती चित्रं फारशी पटत नाहीत. बायबलमधला येशूच बघा ना. अटकेच्या आदल्या घटकेला गेथशेमाने बागेत तो व्याकूळ होतो, हा प्याला टळावा अशी विनवणी करतो, मित्रांना जागे राहा म्हणतो. आणि मित्र मात्र झोपून जातात. पेत्र तर कोंबडा आरवण्याआधी तीनदा ओळख नाकारतो. ज्या धर्माच्या ग्रंथात ही पानं खोडून टाकलेली नाहीत, तिथं घाबरणं हे पाप कसं ठरेल? भिऊ नका हे तिथं पुन्हा पुन्हा येतं, पण ते बहुधा थरथरणाऱ्या माणसालाच सांगितलेलं असतं, आणि कुणीतरी सोबत आहे या भरवशावर.

सोबत या सव्वीस जणांनाही होती. त्यांच्यात तोमास कोझाकी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता, वडिलांबरोबर पकडलेला. वाटेत त्यानं आईला पत्र लिहिलं : काळजी करू नकोस, धाकट्या भावांकडे लक्ष दे. ते पत्र नंतर वडिलांच्या अंगावर सापडलं. सगळ्यांत लहान लुई इबाराकी बारा वर्षांचा. धर्म सोड, वाचशील, असं त्याला सांगून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीची निशिझाका टेकडी, सव्वीस क्रूस मांडून ठेवलेले. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक वसईकर. गोन्सालो पुढे आला, माझा कोणता म्हणून विचारलं आणि क्रूसाजवळ गुडघे टेकले. सगळ्यांत आधी त्यालाच बांधलं, असं परंपरा सांगते. तिथं खिळे वापरत नसत. कड्यांनी जखडायचं आणि दोन्ही बाजूंनी भाले. वय साधारण चाळीस. १६२७ मध्ये त्याला धन्यवादित घोषित केलं गेलं, ८ जून १८६२ ला नवव्या पायस पोपनी संत. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत.

मग जे घाबरून मागे फिरले त्यांचं काय? १६१४ च्या देशव्यापी बंदीनंतर जपानी ख्रिस्ती लोकांना येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून दाखवावा लागे. शुसाकू एन्दोची ‘सायलेन्स’ ही कादंबरी आणि मार्टिन स्कोर्सेसीचा २०१६ चा सिनेमा याच जखमेवर आहेत, जमलं तर बघा. नागासाकीच्या आसपासची हजारो माणसं अशी पाय ठेवत जगली. घरी येऊन दारं लावून प्रार्थना करत राहिली, पोरांना शिकवत राहिली. धर्मगुरू नाही, चर्च नाही, असं जवळजवळ अडीचशे वर्षं.

जपान परदेशी जहाजांना उघडल्यावर नागासाकीत ओउरा चर्च उभं राहिलं, या सव्वीस जणांच्या नावानं आणि त्यांच्या टेकडीकडे तोंड करून. मार्च १८६५ मध्ये उराकामी गावची काही माणसं तिथं आली. बंदी तेव्हाही उठलेली नव्हती. त्यातल्या एका बाईनं फ्रेंच पाद्र्याजवळ जाऊन, इकडेतिकडे बघत, हळूच सांगितलं की आम्हीही तुमच्याच श्रद्धेचे आहोत. आणि मग विचारलं, मरियेची मूर्ती कुठं आहे?