घर तुमचं, जमीन मेरीच्या वारसांची!

लंडनच्या अनेक महागड्या घरांखालची जमीन घरमालकांची नसते. का? त्यासाठी मेरी डेव्हिसची गोष्ट माहीत हवी.

जन्म १६६५ चा. त्याच वर्षी वडील प्लेगने गेले आणि शहराबाहेरची सुमारे ५०० एकर कुरणं नि दलदल तान्ह्या मेरीच्या वाट्याला आली. बाराव्या वर्षी तिचं लग्न थॉमस ग्रोव्हनरशी लावलं. पुढे तिचं मानसिक संतुलन ढळलं. १७३० मध्ये ती वारली.

तिच्या जमिनीवर मेफेअर, बेलग्रेव्हियासारखे भाग उभे राहिले, पण भाडेपट्ट्याने. म्हणजे दरवर्षी भुईभाडं भरा आणि मुदत संपली की घरही जमीनमालकाचं!

१९६७ च्या कायद्याने अनेक पट्टेदारांना जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला. ग्रोव्हनरांचे विश्वस्त युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले, १९८६ मध्ये हरले.

एका बारा वर्षांच्या मुलीचं लग्न, आणि त्याचा हिशेब पिढ्यानपिढ्या घर घेणाऱ्यांनी फेडला.