विद्येचे आश्रयदाते डॉ. भाऊ दाजी लाड

कै. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मुंबईच्या भायखळ्यातील वस्तुसंग्रहालयास १९७५ साली देण्यात आले, त्यामुळे ते आबालवृद्धांच्या तोंडी आहे. कुशल धन्वंतरी, स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते, मुंबईचे दोन वेळा झालेले शेरीफ, ही त्यांची कीर्ती आपल्या घराघरांत सांगितली जाते. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू अद्याप म्हणावी तितकी उजेडात आलेली नाही. स्वतःच्या मिळकतीतून एका होतकरू, निर्धन संशोधकास वर्षानुवर्षे पोसून त्यांनी प्राचीन लेणी, शिल्पे व शिलालेख यांच्या अभ्यासास जो हातभार लावला, तो या लेखाचा विषय आहे.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोमंतकातील एका सामान्य स्थितीच्या गौड सारस्वत कुटुंबात एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांचा जन्म झाला. बालपणीच ते मुंबईस आले. एल्फिन्स्टन विद्यालयात त्यांची बुद्धी चमकली. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवरील निबंधास पारितोषिक मिळाले. पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघताच त्यांनी तेथे प्रवेश घेतला आणि १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीत त्यांचा समावेश झाला. लवकरच त्यांचा वैद्यकीय व्यवसाय भरभराटीस आला. श्रीमंतांकडून मिळालेल्या पैशातून गरिबांस विनामूल्य औषध देणे हा त्यांचा परिपाठ होता.

रोग्यांतून सवड काढून भाऊ संस्कृत ग्रंथ व जुन्या लिपी यांत रमत. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांचे वाचन, कालिदासाच्या काळाची चर्चा, गिरनारचे शिलालेख असे त्यांचे निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे वाचले गेले. परंतु या विद्येची एक अडचण आहे. पोथी घरी आणून वाचता येते, लेणे मात्र घरी येत नाही. ज्याला मूर्ती व स्तंभ अभ्यासावयाचे त्याने रानावनांत, मोडक्या देवळांत महिनोन् महिने हिंडले पाहिजे. मुंबईतील दवाखाना सोडून इतके दिवस बाहेर राहणे भाऊंस शक्य नव्हते.

याच सुमारास जुनागढच्या एका तरुणाची वार्ता त्यांच्या कानी आली. भगवानलाल इंद्रजी हे त्याचे नाव, जन्म १८३९ चा. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिळेवरील अक्षरे त्याने लहानपणापासून स्वतःच्या हिकमतीने उतरून वाचण्याचा ध्यास घेतला होता. त्याला इंग्रजीचे ज्ञान बेताचेच होते व गाठीस पैसा नव्हता. काठेवाडातील अधिकारी किनलॉक फोर्ब्स यांच्या शिफारशीने तो मुंबईस आला आणि भाऊंनी त्यास आपल्या आश्रयास घेतले. तो गुजराती होता, नागर ब्राह्मण होता. त्याची भाषा वेगळी, ज्ञाती वेगळी. भाऊंनी त्याच्यात पाहिली ती केवळ विद्येची तळमळ.

भाऊंच्या खर्चाने भगवानलाल यांनी अजिंठ्यापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत दूरदूरचे प्रवास केले. लेख स्वच्छ करावे, त्यांच्या नकला घ्याव्या, नाणी मिळवावी आणि सर्व साहित्य मुंबईस आणून भाऊंपुढे ठेवावे, असा क्रम चालू होता. या कष्टांचे एक मोठे फळ १८६९ साली मथुरेस हाती आले. तेथील शीतलादेवीच्या देवळाच्या पायऱ्यांत एक जुना दगड बसविलेला त्यांना आढळला. तो दोन सिंह पाठीस पाठ लावून बसलेले असा तांबड्या वालुकाश्माचा स्तंभशीर्ष होता आणि त्यावर सर्वांगी खरोष्ठी अक्षरे कोरलेली होती. शक क्षत्रपांच्या इतिहासाचे हे एक महत्त्वाचे साधन ठरले. आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

या सालाचे महत्त्व वाचकांनी ध्यानी घ्यावे. १८६५ साली मुंबईतील शेअरांचा बाजार कोसळला आणि त्यात अनेक धनिकांप्रमाणे भाऊंचीही संपत्ती गेली. अशा वेळी सर्वप्रथम बंद होतो तो विद्येवरील खर्च, हा जगाचा अनुभव आहे. परंतु भाऊंचा व भगवानलाल यांचा संबंध तुटला नाही. मथुरेचा शोध व त्यानंतरचा नेपाळचा प्रवास हे दोन्ही त्या आपत्तीनंतरचेच होत. भगवानलाल त्या शेवटच्या दीर्घ प्रवासात असतानाच ३१ मे १८७४ रोजी भाऊंनी इहलोकीची यात्रा संपविली.

चरित्रलेखकाने केवळ स्तुती करू नये, म्हणून एक गोष्ट येथे नमूद करणे प्राप्त आहे. भाऊंच्या हयातीत या संशोधनाचे निबंध प्रायः त्यांच्याच नावे प्रसिद्ध झाले. भगवानलाल यांच्या श्रमाचा वाटा जगास पुरेसा कळला नाही. त्या काळी आश्रयदाता व आश्रित यांची रीतच तशी होती. तथापि त्या वर्षांत लाभलेली दृष्टी वाया गेली नाही. भाऊंच्या पश्चात भगवानलाल स्वतःच्या नावाने लिहू लागले. त्यांचे लेख ब्यूलर प्रभृती विद्वानांनी इंग्रजीत आणले. १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपातून त्यांनी आठ लहान बुद्धमूर्तींसह धातुकरंडक उजेडात आणला. १८८४ साली हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. १८८८ साली ते निवर्तले.

आपल्या ज्ञातिबांधवांनी या चरित्रापासून काय घ्यावे? आपण वैद्यक व स्थापत्यशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींस आनंदाने साहाय्य करतो आणि ते योग्यच आहे. परंतु एखादी मुलगी मंदिरांतील मूर्ती अभ्यासावयाचे म्हणते तेव्हा घरचेच तिला, यात पोट कसे भरणार, असे विचारतात. तिला मोठ्या देणगीची गरज नसते. दोन-तीन वर्षांचा प्रवासखर्च, छायाचित्रांचे साधन, राहण्याची सोय आणि ती काही चांगले करील असा विश्वास, इतके पुरते. असे साहाय्य देताना ज्ञातीची मर्यादा घालू नये, हे भाऊंनी शिकविले. आणि झालेल्या कार्यावर करणाऱ्याचेच नाव असावे, हे त्यांच्या काळाच्या उणिवेवरून आपण शिकावे.

भायखळ्याच्या संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. मुलांना तो दाखवावयास नेताना त्यांना भाऊंबरोबर जुनागढच्या त्या तरुणाचीही गोष्ट सांगावी. त्या थोर पुरुषाचे तेच खरे स्मरण होईल.